थकवा म्हणजे आळस नव्हे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यापुढे मांडायचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आम्ही. दिवसभर काउंटरवर बसायचे आणि संध्याकाळी रोकड जुळवून घरी जायचे, हा आमचा नित्यक्रम. परंतु काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे एक वाक्य आम्ही सतत ऐकत आलो आहोत : "काही केलेच नाही, तरी अंगात त्राण नाही." पेन्शन घ्यायला आलेले बाबा हे म्हणतात, बचत गटाचे पैसे भरायला आलेल्या ताई म्हणतात, शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला आलेला मुलगा म्हणतो आणि शेजारच्या खुर्चीवरचा सहकारीही म्हणतो. त्यावर घरातून मिळणारे उत्तर ठरलेले असते : "आळस आहे, दुसरे काय!"

हे उत्तर बरोबर आहे काय? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आम्ही जे वाचले व जाणकारांना विचारून समजून घेतले, ते आज साध्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करणार आहोत.

प्रथम शरीराची थोडी ओळख करून घेऊ. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपी घातल्यासारखी एकेक लहान ग्रंथी असते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिला 'अधिवृक्क ग्रंथी' म्हटले आहे. डॉक्टर मंडळी 'ॲड्रिनल' म्हणतात. एका ग्रंथीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. पण तिच्यावाचून माणूस जगू शकत नाही. तिच्या आतल्या गाभ्यातून ॲड्रेनलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते, तर बाहेरच्या भागातून कॉर्टिसॉल आणि शरीरातील मीठ-पाण्याचा तोल सांभाळणारे अल्डोस्टेरॉन तयार होते.

रस्ता ओलांडताना अगदी कानाशी ट्रकचा हॉर्न वाजला, तर काय होते ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातापायांत बळ येते आणि आपण नकळत उडी मारून बाजूला होतो. हे ॲड्रेनलिनचे काम. यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडली जाते, स्नायूंकडे रक्त वळते आणि पचनाचे काम तेवढ्यापुरते मागे पडते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात या अवस्थेचे वर्णन केले. शरीर या वेळी 'लढा किंवा पळा' यासाठी सज्ज होते. संकट टळले की काही मिनिटांत सर्व पूर्ववत होते.

कॉर्टिसॉलचे काम थोडे सावकाश चालते. ते समजायला आम्हा बँकवाल्यांना सोपे आहे. मुख्य कार्यालय विभागीय कार्यालयाला कळवते, विभागीय कार्यालय शाखेला कळवते आणि मग शाखा कामाला लागते. तसेच येथे मेंदूतील अधश्चेतक हा भाग पियुषिका ग्रंथीला निरोप देतो, पियुषिका रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथीला निरोप पाठवते आणि ती कॉर्टिसॉल सोडते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर टिकवून धरते, गरज पडल्यास स्नायूंतील प्रथिने मोडून तिची साखर करायला लावते आणि शरीराचा दाह आवरते. पुरेसे कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोहोचले की मेंदू निरोप पाठवणे थांबवतो. म्हणजे आदेश सुरू करणे आणि बंद करणे, दोन्ही मुख्य कार्यालयाच्या हाती असते.

कॉर्टिसॉलला दिवसाचे एक वेळापत्रकही असते. पहाटे ते वाढू लागते, जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्वाधिक असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी असते. सकाळी आपल्याला उठवून कामाला लावणारे आणि रात्री झोपेला वाट करून देणारे हे वेळापत्रक आहे. ते ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचाच संबंध येणार आहे.

आता ताणाकडे वळू. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काम करणारे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. त्यांनी उंदरांना थंडीत ठेवले, शस्त्रक्रियेची इजा केली, अतिश्रम करायला लावले, निरनिराळी द्रव्ये टोचली. त्रास वेगवेगळा होता, पण उंदरांच्या शरीरात दिसलेले बदल सारखेच होते. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसली होती आणि जठरात व्रण पडले होते. यावरून सेल्ये यांनी ताणाच्या तीन अवस्था सांगितल्या : आधी धोक्याची घंटा, मग तग धरणे आणि शेवटी शक्तिपात.

या शेवटच्या 'शक्तिपात' शब्दाने पुढे बराच गोंधळ झाला. सतत ताण आला की अधिवृक्क ग्रंथी राबून राबून रिकाम्या होतात आणि म्हणून माणूस थकतो, अशी समजूत पसरली. १९९८ साली अमेरिकेत जेम्स विल्सन यांनी या कल्पनेला 'ॲड्रिनल फटीग' म्हणजे 'अधिवृक्क ग्रंथींचा थकवा' असे नाव दिले. त्यावर पुस्तके निघाली, गोळ्या निघाल्या, चूर्णे निघाली.

खरे सांगायचे तर आमच्यासारख्या बँकेतल्या माणसाला ही कल्पना लगेच पटण्यासारखी आहे. खात्यातून पैसे काढत गेलो, शिल्लक संपली, चेक परत आला. पण शरीराच्या अभ्यासकांना ते मान्य नाही. ग्रंथी हे बचत खाते नाही. कॉर्टिसॉलचा ती साठा करून ठेवत नाही, मागणी आली की ते नव्याने तयार करते. मागणी वाढली तर ती मोठी होते, हे सेल्ये यांच्या उंदरांतच दिसले होते. २०१६ साली ब्राझीलमधील दोन तज्ज्ञांनी या विषयावरील अठ्ठावन्न अभ्यास एकत्र तपासले आणि 'ॲड्रिनल फटीग' नावाचा आजार असल्याचा पुरावा नाही, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. २०१८ साली अमेरिकेत 'ॲड्रिनल' साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बारा उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा त्या सर्वांत थायरॉइडचे संप्रेरक आढळले. म्हणजे माणूस शक्तीची गोळी समजून भलतेच औषध पोटात घालत होता. आपल्याकडेही जाहिरात वाचून शक्तिवर्धके आणणारे थोडे नाहीत. त्यांनी हे लक्षात घ्यावे.

मग या ग्रंथी कधीच निकामी होत नाहीत काय? होतात, आणि ते फार गंभीर असते. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली अशा रुग्णांचे वर्णन केले. त्यांना अतोनात अशक्तपणा असतो, वजन घटते, रक्तदाब उतरतो, मळमळते, खारट खावेसे वाटते; त्वचा, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात. त्या काळी याचे मोठे कारण क्षयरोग हे होते आणि आपल्या देशात आजही ते एक महत्त्वाचे कारण आहे. एकेकाळी हा आजार हमखास जीवघेणा होता. अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनासाठी केंडॉल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे आज असा रुग्ण रोज गोळी घेऊन नेहमीसारखे आयुष्य जगू शकतो. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच आजार होता.

दुसरे कारण तर आपल्या अगदी दारात आहे. सांधेदुखी, दमा, अंगावरची खाज यांवर 'हमखास गुण' देणाऱ्या पुड्या काही ठिकाणी मिळतात. दोन दिवसांत आराम पडतो, भूक लागते, चेहरा भरतो. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइड हे काही विष नाही. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत दिले तर ते प्राण वाचवते. पण महिनोन्महिने बाहेरून स्टिरॉइड येत राहिले, तर मेंदू समजतो की माल भरपूर आहे, आणि ग्रंथीला निरोप पाठवणे बंद करतो. काम नसलेली ग्रंथी आक्रसते. अशा वेळी पुडी एकदम बंद केली, किंवा अपघात, ताप, शस्त्रक्रिया असे काही ओढवले, तर शरीराला लागणारे कॉर्टिसॉल मिळत नाही आणि माणूस कोसळू शकतो. म्हणून घरातील वडीलधारी मंडळी अशी पुडी घेत असतील, तर रागाच्या भरात ती फेकून देऊ नका. पुडी सोबत घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या. औषध हळूहळू कसे कमी करायचे ते डॉक्टर ठरवतील.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ग्रंथी थकत नसेल, तर ताणाखाली राहणारा माणूस का थकतो? कारण धोक्याची घंटा बंद होत नाही. ट्रक निघून जातो. पण कर्जाचा हप्ता, घरातले आजारपण, कंत्राटी नोकरीची टांगती तलवार, परीक्षेचा पुढे पुढे ढकलला जाणारा निकाल निघून जात नाही. मुख्य कार्यालय दिवसरात्र आदेश काढत राहते. रात्री उतरायला हवे ते कॉर्टिसॉल पुरेसे उतरत नाही, झोप तुटक होते. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेले खावेसे वाटते, साखरेचे नियंत्रण बिघडते, रक्तदाब चढतो. मान-खांदे सतत आखडलेले राहतात. जाग राहावी म्हणून संध्याकाळी तिसरा-चौथा चहा होतो. त्यातील कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो, आणि पुन्हा रात्रीची झोप जाते. कोणी तंबाखूची चिमूट वाढवतो, कोणी मिश्रीची. अमेरिकेतील शास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवन यांनी सहकाऱ्यासोबत १९९३ साली या साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. जुळवून घेण्याची किंमत शरीर रोज थोडी थोडी मोजत असते, असे त्यांचे म्हणणे. एका ग्रंथीत बिघाड शोधून हा थकवा सापडत नाही, कारण तो झोप, हृदय, स्नायू, मन या सर्वांवर विखुरलेला असतो.

विद्यार्थी मित्रहो, पुढचा भाग विशेष करून तुमच्यासाठी आहे. सर्व ताण सारखे नसतात. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली ताण मोजण्याची एक पद्धत तयार झाली. माणसाला काही अनोळखी परीक्षकांसमोर उभे करायचे. नोकरीच्या मुलाखतीसारखे पाच मिनिटे स्वतःविषयी बोलायला सांगायचे. मग १०२२ मधून १३ वजा करत जा, चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून, असे तोंडी गणित घालायचे. परीक्षकांनी हसायचे नाही, मान डोलवायची नाही, कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे. एवढ्यानेच बहुसंख्य लोकांचे कॉर्टिसॉल दुप्पट ते चौपट वाढते. पुढे २००४ साली दोन संशोधकांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांना दिसले की दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वाधिक चढते आणि उतरायलाही सर्वाधिक वेळ लागतो. एक, परिस्थिती आपल्या हातात नसणे; दुसरी, इतरांनी आपल्याला कमी लेखण्याची भीती.

बंधू-भगिनींनो, याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. वसतिगृहात आडनाव ऐकल्यावर बदललेली नजर, 'तुम्हाला काय, सवलत आहे' हे हसत मारलेले वाक्य, मुलाखतीत विनाकारण विचारलेला गावाचा पत्ता : याला लोक मनाला लावून घेऊ नका म्हणतात. पण मनाला लागलेले शरीरालाही लागते. अपमान ही रक्तात मोजता येणारी घटना आहे. वर्षानुवर्षे सावध राहून वावरणाऱ्या मुलामुलीला संध्याकाळी गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर त्यात त्यांच्या बुद्धीचा किंवा जिद्दीचा दोष नाही.

दुसरा दाखला नोकरदारांचा आहे. लंडनमधील व्हाइटहॉल हा सरकारी कचेऱ्यांचा भाग. तेथील कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचारी त्यात होते. मायकेल मार्मट हे या संशोधनातील प्रमुख नाव. या कर्मचाऱ्यांत कोणी उपाशी नव्हते, बेकार नव्हते, सर्वांना सरकारी दवाखान्याची सोय होती. तरीही सर्वात खालच्या श्रेणीतील शिपाई-निरोप्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक आढळले. लोकांना वाटते, जबाबदारी साहेबाला, म्हणून झटकाही साहेबालाच. येथे उलटेच दिसले. श्रेणी जितकी खाली, तितका धोका जास्त, अगदी पायरीपायरीने. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणांनी यातील काही भागच उलगडत होता.

पुढे १९८५ पासून दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. १९९७ साली त्यातून पुढे आले की आपले काम कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. नंतर याच कर्मचाऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले गेले. ज्यांचे कॉर्टिसॉल दिवसभरात नीट उतरत नव्हते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जास्त आढळले. सुरुवातीला सांगितलेले वेळापत्रक ते हेच.

आम्ही काउंटरवर बसणारी माणसे हे वाचून स्तब्ध झालो. रांग आमच्या हातात नाही, संगणकाची यंत्रणा बंद पडली तर ती आमच्या हातात नाही, बोलणी मात्र आम्हालाच. आणि आमच्या समोर सफाई कामगार, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या भगिनी उभ्या असतात; त्यांच्या हातात तर त्याहूनही कमी. म्हणून 'ताण घेऊ नका' हा सल्ला अपुरा आहे. ताण पुष्कळदा घेतलेला नसतो, दिलेला असतो.

मग करायचे काय? आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, थकव्याची तपासणी करा. दोन-तीन आठवडे थकवा हटत नसेल तर 'टेन्शन आहे' म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२, रक्तदाब एवढे तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने पाहून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे घरातली बाई 'दमले' म्हणते, तेव्हा तिचे रक्तच कमी असण्याचा संभव मोठा आहे. सोबत खोकला, ताप, घटते वजन असेल तर क्षयाची तपासणी टाळू नका. संस्थेच्या आरोग्य शिबिरात या तपासण्यांचा समावेश व्हावा, ही कार्यकारिणीला आमची विनंती.

दुसरी, झोपेला मान द्या. रात्र जागून केलेला अभ्यास ही अभिमानाची बाब समजली जाते. पण वाचलेले पक्के होण्याचे पुष्कळसे काम झोपेतच होते. अभ्यासिका रात्री ठराविक वेळी बंद व्हावी आणि पहाटे लवकर उघडावी. दुपारनंतर चहा कमी, रोज अर्धा तास भरभर चालणे आणि दिवसातून काही वेळ शांत बसून श्वासाकडे लक्ष देणे. यांनी घंटेचा आवाज उतरायला मदत होते. हे सर्व बिनखर्चाचे आहे.

तिसरी, ज्यात आपला ताबा नाही तेथे तो मिळवण्याचा प्रयत्न करा. एकट्याने मिळत नसेल तर संघटनेने. ड्यूटीची पाळी आठवडाभर आधी कळणे, जेवणाची सुट्टी पूर्ण मिळणे, तक्रारीला लेखी उत्तर मिळणे या मागण्या आम्ही आजवर सोयीच्या मागण्या समजत होतो. त्या आरोग्याच्या मागण्या आहेत. विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडला आहे हे कळाले, तरी त्याची निम्मी रात्र सुखाची जाते. असे अर्ज पाहून देणारी दोन माणसे संस्थेत दर रविवारी बसली, तर ते औषधापेक्षा कमी ठरणार नाही.

चौथी, बोला आणि ऐका. झोप, भूक, आशा तिन्ही हरवल्या असतील, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते कमकुवतपणाचे लक्षण नाही. उपचाराची गरज असल्याचे लक्षण आहे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक अभ्यासिकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

अध्यक्ष महोदय, आमच्या आई-वडिलांच्या पिढीने थकवा हा शब्द उच्चारला नाही, कारण तो उच्चारण्याची त्यांना परवानगीच नव्हती. त्यांच्या सोसण्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. पण ते सोसणे पुढच्या पिढीला मोजपट्टी म्हणून लावू नये. उद्या आपल्या घरातील कोणी "अंगात त्राण नाही" असे म्हटले, तर "आळस आहे" हे उत्तर गिळून टाकावे आणि दोन प्रश्न विचारावेत : "झोप लागते का? आणि कोणी काही बोलले का?" पुढचा मार्ग बहुधा या दोन उत्तरांतूनच दिसेल.